सृष्ट्यब्द आणि विश्वाचें वय : एका समासटीपेचें परीक्षण

भंडारा येथील आमच्या लहानशा संग्रहांत सूर्यसिद्धान्ताच्या मध्यमाधिकाराची एक अपुरी पोथी आहे. पोथी अर्वाचीन आहे, तीवर लेखकाचें नांव अथवा लेखनकाल नाहीं, आणि पाठाच्या दृष्टीनें तिचें मोल फारसें नाहीं. परंतु जेथें सृष्टीच्या गत वर्षांचा आंकडा येतो, त्या पानाच्या समासांत, ज्यांच्यापाशीं आम्ही संस्कृत शिकलों त्या आमच्या गुरुजींच्या हातची एक टीप आहे. टीपेचा आशय असा: पाश्चात्त्य ज्योतिषांनीं मोठ्या दुर्बिणीनें दूरच्या दीर्घिकांचे वेग मोजून विश्वाचें वय सुमारें १९५ कोटि वर्षें ठरविलें असून तें सूर्यसिद्धान्ताच्या सृष्ट्यब्दाशीं जुळतें. टीपेस मिति नाहीं. तरीही ती केव्हांची असावी हें सांगतां येतें. कसें तें पुढें येईल.

ही टीप आम्हीं प्रमाण मानिली हें प्रथमच कबूल करितों. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां जेव्हां जेव्हां कालगणनेचा विषय निघाला, तेव्हां तेव्हां आम्हीं मुलांस हा मेळ अभिमानानें सांगितला. एकदां नव्हे, तीस वर्षें. टीप कशाच्या आधारें लिहिली, तो आंकडा पुढें टिकला कीं नाहीं, याची चौकशी करावी असें मनांत आलें नाहीं. निवृत्तीनंतर एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो भूशास्त्र शिकला आहे. त्यानें बोलतां बोलतां विचारलें, "गुरुजी, शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांत मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तेथील खनिज २४९ कोटि वर्षांचें आहे असें आम्ही शिकलों. मग १९५ कोटि वर्षांच्या सृष्टींत तें आलें कोठून?" त्या वेळीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्याच्या ताम्रपटांत तिथीशीं वार जुळला नाहीं तर तो बनावट ठरविण्यास जो मनुष्य तत्काळ सिद्ध होतो, त्यानें स्वतःच्या कपाटांतील टीप न तपासतां तीस वर्षें वाचावी, ही गोष्ट मनास लागली. प्रस्तुत लेख त्या प्रश्नामुळें लिहिला आहे.

प्रथम आपल्याकडील आंकडा पाहूं. एक कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटि वर्षांचा. त्यांत चौदा मनु व पंधरा संधि. चालू कल्पांत सहा मनु गेले, सातव्याचीं सत्तावीस महायुगें गेलीं, आणि अठ्ठाविसाव्यांतील कृत, त्रेता व द्वापर हीं तीन युगें गेलीं. संधींसह ह्यांची बेरीज १,९७,२९,४४,००० होते. कलियुगाच्या आरंभापासून शालिवाहन शकाच्या आरंभापर्यंत ३,१७९ वर्षें. तीं मिळविलीं म्हणजे भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत दिलेला १,९७,२९,४७,१७९ हा आंकडा येतो. सूर्यसिद्धान्तकार मात्र ब्रह्मदेवास सृष्टि रचण्यास १,७०,६४,००० वर्षें लागलीं असें मानून तेवढीं वजा करितो. त्याच्या मतें कलियुगाच्या आरंभीं सृष्टीस १,९५,५८,८०,००० वर्षें झालीं होतीं. शक १९४७ च्या, म्हणजे इ. स. २०२५ च्या, आरंभीं तीं १,९५,५८,८५,१२६ झालीं. आर्यभटाची वांटणी निराळीच आहे. त्याच्या मनूंत एकाहत्तर नव्हे, बहात्तर युगें असतात, संधि नसतात, आणि चारी युगपाद सारखे असतात. त्याच्या हिशेबानें कलियुगाच्या आरंभीं १,९८,६१,२०,००० वर्षें भरतात. येणेंप्रमाणें एकाच आंकड्याचे तीन पाठ आपल्यापुढें येतात, व त्यांत तीन कोटि वर्षांचा फरक आहे. गुरुजींनीं त्यांतील जो जुळला तो घेतला. बाकीच्या दोहोंचा उल्लेख टीपेंत नाहीं.

हे आंकडे कोणी आकाशांत मोजून काढलेले नाहींत. सिद्धान्तकारांस ग्रहगणितासाठीं असा एक आरंभ हवा होता कीं, त्या क्षणीं सर्व ग्रह मेषारंभीं एकत्र असावेत आणि तेथून प्रत्येकाचे भगण पूर्णांकांत यावेत. स्वकालीं वेधानें मिळालेली गति व स्थिति साधून असा आरंभ मिळवावयाचा तर काल अतिशय मोठा घ्यावा लागतो. मंदोच्चें व पात हींही त्यांत बसवावयाचीं म्हटल्यावर युग पुरत नाहीं, कल्प घ्यावा लागतो. कलियुगाचा आरंभ इ. स. पूर्वीं ३१०२ च्या फेब्रुवारींत मानितात. आजच्या गणितानें पाहिलें तर त्या दिवशीं सर्व ग्रह एका बिंदूंत नव्हते. यावरून सिद्धान्तकारांस दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांचा आरंभ हा गणिताचा खुंटा होता, आणि ग्रहणें वर्तविण्यास तो पुष्कळ काळ पुरला. ज्योतिषग्रंथांकडे इतिहासाच्या दृष्टीनें कसें पाहावें हें शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं इ. स. १८९६ मध्यें 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'ने मराठी वाचकांस दाखवून दिलें; तो ग्रंथ हाताशीं असून आमच्याकडून ही चूक व्हावी याचें आश्चर्य वाटतें.

मग पाश्चात्त्य शास्त्रज्ञ जो आरंभ काढितात तोही असाच खुंटा आहे काय? असा आक्षेप अनेक सुशिक्षित स्नेही घेतात. तो समजण्यास आपल्याच विद्येंतील एक दाखला उपयोगी पडेल, आणि तो आमच्या गांवाच्या नांवाशीं निगडित आहे. रतनपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाच्या शिलालेखांत, त्यास कर देणाऱ्या मंडलांच्या नांवांत 'भाणार' हें नांव येतें. तें भंडाऱ्याचें होय असें मानितात. लेखाची मिति संवत् ८६६, मार्गशीर्ष शुद्ध ९, रविवार अशी आहे. हा संवत् कोणता व तो केव्हां सुरू झाला हें लेख सांगत नाहीं. कीलहॉर्न यांनीं हा व असे इतर लेख एकत्र घेऊन त्यांतील तिथि-वारांचें गणित केलें, आणि ह्या कलचुरि संवताचा आरंभ इ. स. २४८ मध्यें पडतो असें ठरविलें. तसें धरिलें म्हणजे आमच्या लेखाची मिति ८ नोव्हेंबर १११४ होते. त्या दिवशीं रविवार येतो व नवमीही येते. हें आम्हीं स्वतः गणित करून पाहिलें आहे. पुढें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं ह्या संवताचे सर्व लेख पुन्हां तपासून १९५५ सालीं प्रसिद्ध केले, तेव्हां गुजराथ-महाराष्ट्रांतील जुन्या लेखांस एक वर्ष पुढचा आरंभ मानावा लागतो असें त्यांनीं दाखविलें. संवताचा पहिला दिवस उजाडलेला पाहणाऱ्याचा एकही लेख आपल्यापाशीं नाहीं. असे असूनही आरंभ ठरतो, तो साक्षींच्या मेळावरून. आणि एका वर्षाचा वाद उरला म्हणून कलचुरि संवत् नव्हताच असें कोणी म्हणत नाहीं.

ज्योतिर्विदांची रीति हीच आहे. मात्र त्यांच्या साक्षी निराळ्या. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश त्रिकोणी भिंगांतून पसरविला म्हणजे त्यांतील ठराविक रेषा तांबड्या टोंकाकडे सरकलेल्या दिसतात; ह्या ताम्रसृतीवरून दूर जाण्याचा वेग निघतो. अंतर काढणें मात्र फार कठीण. सेफीड नांवाचे तारे ठराविक कालानें मंद-तेजस्वी होतात, आणि तो काल जितका मोठा तितकें त्यांचें स्वतःचें तेज अधिक, असें हेन्रिएटा लेव्हिट ह्या विदुषीनें १९१२ मध्यें दाखविलें होतें. दिवा केवढा आहे हें कळल्यावर तो किती मिणमिणता दिसतो यावरून अंतर कळावें, तसा हा प्रकार आहे. इ. स. १९२९ मध्यें एडविन हबल यांनीं माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीच्या आधारें असें प्रसिद्ध केलें कीं, जी दीर्घिका जितकी दूर तितका तिचा वेग अधिक: दर मेगापार्सेक अंतरास, म्हणजे सुमारें साडेबत्तीस लक्ष प्रकाशवर्षांस, सेकंदास सुमारें ५०० किलोमीटर. आतां ताशीं साठ किलोमीटर वेगानें नागपूरहून निघालेली गाडी साठ किलोमीटरांवर भंडाऱ्यास दिसली, तर ती एका तासापूर्वीं निघाली हें उघड आहे. तसाच भागाकार येथें केला तर उत्तर येतें १९५ कोटि ६० लक्ष वर्षें.

सूर्यसिद्धान्ताचा आंकडा १९५ कोटि ५८ लक्ष. इतका निकटचा मेळ पाहून गुरुजींसारख्या विद्वानास हर्ष व्हावा हें स्वाभाविक होय. आम्हांस आजही तो पाहून क्षणभर मोह पडतो.

परंतु ह्या मेळास त्याच काळीं दोन ठिकाणीं भेगा होत्या. एक अशी कीं, गाडीचा वेग वाटेंत बदलला नाहीं हें गृहीत धरिल्याशिवाय भागाकार चालत नाहीं. विश्वांतील द्रव्य परस्परांस ओढीत असल्यानें प्रसरण मंदावत जावें. मग पूर्वीं वेग अधिक होता, आणि खरा काल भागाकाराहून कमी. आइन्स्टाइन व डी सिटर यांनीं १९३२ मध्यें मांडलेल्या साध्या नमुन्यांत तो दोन-तृतीयांश, म्हणजे १३० कोटि, होतो. दुसरी भेग अशी कीं, ५०० हा आंकडा हबल यांचाही कायम नव्हता. १९३१ मध्यें ह्यूमसन यांच्यासह त्यांनीं ५५८ दिला, त्याचें उत्तर १७५ कोटि येतें. तात्पर्य, गुरुजींनीं तीन पाठांतून एक व दोन वेधांतून एक निवडला, आणि ते दोन जुळले. संशोधनांत आपण ह्यास काय म्हणतों तें वाचकांस सांगणें नको.

त्यापेक्षांही मोठी अडचण पृथ्वीनें उभी केली. कांहीं मूलद्रव्यें ठराविक गतीनें दुसऱ्या मूलद्रव्यांत पालटतात. घटिकापात्रांत किती पाणी आलें यावरून वेळ कळावी, तसें खडकांत मूळ द्रव्य किती उरलें व नवें किती झालें यावरून खडकाचें वय कळतें. ह्या रीतीनें क्लेअर पॅटर्सन यांनीं १९५६ मध्यें उल्कापाषाणांतील शिशावरून पृथ्वीचें वय ४५५ कोटि वर्षें ठरविलें. त्यापूर्वींही हबलच्या विश्वाहून जुने खडक हातीं आले होतेच. मुलगी आईहून वडील निघावी असा हा प्रसंग होता! आमच्या विद्यार्थ्यानें सांगितलेली मलाजखंडची साक्ष ह्याच वर्गांतील. तेथील मॉलिब्डेनाइट नांवाच्या खनिजांत ऱ्हेनियम असतें व त्याचें ऑस्मियम होत जातें. अर्धें पालटण्यास ४,१०० कोटींहून अधिक वर्षें लागतात. इ. स. २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मापनानें त्याचें वय सुमारें २४९ कोटि वर्षें निघालें. भास्कराचार्य, सूर्यसिद्धान्त, आर्यभट व १९२९ चे हबल, हे चौघेही आमच्या शेजारच्या एका खाणींतील मूठभर खनिजापुढें धाकटे ठरतात.

विश्व धाकटें कां दिसत होतें तें १९५२ मध्यें उघड झालें. वॉल्टर बाडे यांनीं रोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत जाहीर केलें कीं, सेफीड तारे दोन जातींचे आहेत आणि आजवर एका जातीची मोजपट्टी दुसरीस लावली जात होती. देवयानी दीर्घिका मानलेल्या अंतराच्या दुप्पट दूर गेली, व विश्वाचें वयही दुप्पट झालें. दोन निरनिराळ्या संवतांतील वर्षें एकाच संवताचीं समजून केलेली राजावलि जशी कोसळते, तसेंच हें झालें. पुढें ॲलन सँडेज यांनीं १९५८ मध्यें हबलचा आंकडा ७५ च्या आसपास आणिला. त्यानंतर तो ५० कीं १०० ह्याचा वाद दोन पक्षांत अनेक वर्षें चालला. तो सांगत बसल्यास लेख फार लांबेल.

आजचें मत तीन स्वतंत्र साक्षींवर उभें आहे. पहिली, गोलाकार तारकागुच्छांची: गुच्छांतील तारे एकाच वेळीं जन्मलेले असतात व जड तारे आधीं विझतात, कोणत्या वजनापर्यंतचे विझले यावरून गुच्छाचें वय निघतें. दुसरी, अतिप्राचीन ताऱ्यांच्या प्रकाशांत दिसणाऱ्या युरेनियम-थोरियमची: अशा एका ताऱ्याचें वय २००१ मध्यें १,२५० कोटि वर्षें निघालें, चूकभूल ३०० कोटींची. तिसरी साक्ष सर्व आकाश व्यापून राहिलेल्या मंद सूक्ष्मलहरींची. पेन्झियस व विल्सन यांनीं ती उष्णता १९६५ मध्यें प्रसिद्ध केली. प्लँक नांवाच्या उपग्रहानें तींतील अत्यल्प चढउतार मोजले, आणि त्यावरून २०१८ मध्यें वय १,३७८ कोटि ७० लक्ष वर्षें आलें, चूकभूल अवघी दोन कोटींची. मध्यंतरीं १९९४-९५ च्या सुमारास मुलगी पुन्हां आईहून वडील झाली होती. गुच्छ १,४०० कोटींच्या वर आणि विश्व ८०० ते १,२०० कोटींचें. प्रसरण मंदावत नसून अलीकडे वाढत आहे असें १९९८ मध्यें स्फोटक ताऱ्यांवरून दिसलें, तेव्हां ती अडचण सुटली.

दोन कोटींच्या त्या चूकभुलीविषयीं एक सूचना करणें अवश्य आहे. ती चूकभूल गणिताची आहे, गृहीताची नव्हे. पोथीचा लेखनशक स्वच्छ वाचला गेला तरी तो ह्या प्रतीचा कीं हिच्या मातृकेचा, हा प्रश्न वाचनाच्या अचूकपणानें सुटत नाहीं. प्लँकचा आंकडा एक विशिष्ट नमुना खरा धरून आला आहे, आणि त्या नमुन्यांतील बहुतेक द्रव्य व ऊर्जा यांचें स्वरूप अद्याप कोणासही ठाऊक नाहीं. त्याच नमुन्यानें हबलचा आंकडा ६७.४ येतो, सेफीड व स्फोटक ताऱ्यांवरून सरळ मोजिला तर २०२२ च्या मापनाप्रमाणें तो ७३ येतो. दोन्ही बाजूंस काळजीपूर्वक काम झालें आहे आणि फरक चूकभुलीच्या बाहेरचा आहे. वयांत ह्यानें सुमारें शंभर कोटि वर्षांचा फेर पडूं शकतो. आमच्या मतें हाच आजचा खरा संशय होय. कॅनडांतील ओटावा विद्यापीठाचे राजेंद्र गुप्ता यांनीं २०२३ मध्यें वय २,६७० कोटि वर्षें असल्याचें मांडलें, त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु प्रकाश वाटेंत 'थकतो' ही जुनी कल्पना त्यांस अंशतः स्वीकारावी लागते. दूरचे स्फोट जितके दूर तितके सावकाश मावळतांना दिसतात; नुसत्या थकव्यानें ह्याचा उलगडा होत नाहीं, त्याला प्रसरणच हवें.

संशय कसा घ्यावा याचें उदाहरण मराठी वाचकांस दूर शोधावयास नको. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म कोल्हापुरास १९ जुलै १९३८ रोजीं झाला. वडील विष्णु वासुदेव हे काशी हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे अध्यापक, मातोश्री संस्कृतज्ञ. केंब्रिज येथें त्यांचे गुरु फ्रेड हॉइल. ह्याच हॉइल यांनीं बाँडी व गोल्ड यांच्यासमवेत १९४८ मध्यें विश्वास आरंभच नाहीं असा स्थिर-स्थितीचा सिद्धान्त मांडला होता, आणि विश्वाहून पृथ्वी वडील ठरते ही वर सांगितलेली अडचण त्याच्या मुळाशीं होती. बाडे यांच्या दुरुस्तीनें ती ओसरली, १९६५ च्या शोधानें सिद्धान्तही मागें पडला; पण गुरुशिष्यांनीं विषय सोडिला नाहीं. १९९३ मध्यें हॉइल, बर्बिज व नारळीकर यांनीं त्याचें नवें रूप पुढें आणिलें: विश्व अनादि, एकंदरींत प्रसरणारें, परंतु मधून मधून आकुंचन व पुन्हां प्रसरण पावणारें. सूक्ष्मलहरी म्हणजे मागील आवर्तनांतील ताऱ्यांचा प्रकाश, लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनीं शोषून सारखा केलेला, असा त्यांचा अर्थ. अनादि आवर्तनांची ही कल्पना कल्पांच्या फेऱ्यांशीं जोडून दाखविण्याचा मोह आमच्यासारख्यांस होतो. एकदां भाजल्यामुळें आम्ही तो आवरला आहे.

बहुसंख्य ज्योतिर्विदांनीं तो सिद्धान्त स्वीकारिला नाहीं, आणि प्लँकनें मोजलेले चढउतार पाहतां आम्हांसही बहुमताचा पक्ष सबळ वाटतो. परंतु नारळीकरांच्या संशयांत एक गोष्ट होती, जी आमच्या टीपेंत नव्हती: खोटा ठरण्याची वाट त्यांनीं स्वतः दाखवून ठेविली होती. मागील आवर्तनांतील तारे उरले असतील तर १,४०० कोटि वर्षांहून निःसंशय वृद्ध तारा सांपडला पाहिजे. शोधा, असें ते म्हणत. एच डी १४०२८३ ह्या ताऱ्याचें वय २०१३ मध्यें १,४४६ कोटि निघालें होतें, पण चूकभूल ८० कोटींची होती, आणि पुढील मोजणींत आंकडा खालीं आला. नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यास निवर्तले, तोंपर्यंत असा तारा मिळाला नव्हता.

आतां टीपेचा काल. ५०० हा आंकडा १९२९ पूर्वीं नव्हता व १९५२ नंतर टिकला नाहीं. तेव्हां टीप त्या तेवीस वर्षांतली, अथवा त्या वर्षांतील एखाद्या पुस्तकावरून उतरलेली, हें निश्चित. समासांत आम्हीं दुसरी टीप लिहिली नाहीं. पोथी जशी आहे तशी राहूं दिली आहे, आणि प्रस्तुत लेखाचा एक उतारा वेगळ्या कागदावर तिच्यासोबत बांधून ठेविला आहे. त्या विद्यार्थ्यासही एक प्रत धाडिली आहे.

सृष्ट्यब्द विश्वाचें वय सांगत नसला तरी पोथीविषयीं पुष्कळ सांगतो. ज्या हस्तलिखित पंचांगांत अथवा संवत्सरफलांत १९५ कोटींचा आंकडा असेल तें सौरपक्षाकडे झुकलेलें, १९७ कोटींचा असेल तें ब्राह्मपक्षाकडे, आणि १९८ कोटींचा क्वचित् आढळला तर तें आर्यपक्षाकडे, असा प्रथमदर्शनीं तर्क करितां येतो. गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवाचा (शक १४४२) प्रसार झाल्यावर तिन्ही पक्षांची सरमिसळ झाली, हें लक्षांत ठेवून तो करावा लागेल. वैनगंगेच्या खोऱ्यांत कोणत्या काळीं कोणता पक्ष चालत होता ह्याचा शोध आम्हीं आरंभिला आहे. भंडारा, पवनी, तुमसर, साकोली व लाखांदूर ह्या बाजूस ज्यांच्या घरीं मुद्रणपूर्व पंचांगें असतील त्यांनीं सृष्ट्यब्दाची ओळ व तिच्याखालचा शक तेवढा अक्षरशः उतरून ह्या त्रैमासिकाच्या पत्त्यावर धाडावा. आंकडा चुकीचा दिसला तरी दुरुस्त करूं नये.